दाराखालची चिंधी

आमच्या घरात कापड नसलेली जागा एकच होती, आईची ट्रायल रूम. बाकीचं घर म्हणजे कापडच. चामराजपेटच्या त्या अरुंद गल्लीत, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत आईची दोन शिलाई मशीनं, मध्ये कटिंगचं लांब टेबल, दोरीवर हँगरला लावलेले ब्लाउज, कोपऱ्यात अस्तरांचे गठ्ठे. मधल्या खोलीत जेवायला बसलं तरी डोक्यावर पाण्यातून काढलेली अस्तरं वाळत असायची आणि सांबारात एखादा थेंब पडायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, जवळच्याच एका छापखान्यात लग्नपत्रिका छापायचे. त्यामुळे कुणाची सोयरीक कुठे जुळली हे आईला ब्लाउजवरून आणि अण्णांना पत्रिकेवरून एकाच आठवड्यात कळायचं, आणि रात्रीच्या जेवणात दोघं ते ताडून बघायचे. सकाळी फिल्टर कॉफीचा वास आला की पाठोपाठ मशीनचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज थांबला की मी अभ्यास करता करता मान वर करायची. अजूनही शांत खोलीत मला काम सुचत नाही.

मी फारशी बोलत नसे. शाळा इंग्रजी, गल्ली कन्नड, आणि मराठी फक्त आई-अण्णांशी. तीही आमच्या घरची मराठी, ‘स्वल्प सरक’, ‘सरी, उद्या बघू’ अशी, ‘जरा’ला स्वल्प आणि ‘बरं’ला सरी म्हणणारी. आमचे पूर्वज इथे कधी आले ते अण्णांनाही नीट सांगता येत नाही. मी कॉलेजात जायची, परत यायची, ब्लाउजांना हुक लावायची आणि गच्चीवर जाऊन एका करड्या मांजरीला दूध-भात घालायची. तिचं नाव मी बॉबिन ठेवलं होतं, कारण पहिल्याच दिवशी ती आईची एक बॉबिन घेऊन पळाली होती. एक वर्ष मी तिला खायला घातलं. वर्षभरात ती घरात झोपायला लागली, माझ्या पायाशी, वीतभर अंतर ठेवून. मांडीवर मात्र कधी आली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मीही अशीच आहे असं मला वाटायचं, आणि आमचं एकमेकींशी बरं चाललं होतं.

मग सायली आली. आईच्या मोठ्या भावाची मुलगी. मामा फार वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. सायलीला सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि ‘परक्या गावात पोरगी एकटी कशाला राहील’ म्हणून आईनेच तिला बोलावून घेतलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन सुटकेसा, एक योगाची चटई आणि न संपणारं बोलणं घेऊन ती आमच्या घरात शिरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर बॉबिन तिच्या पोटावर झोपली होती.

“वीणू, अगं काय क्यूट आहे गं ही. आपणहून आली,” सायली म्हणाली.

मी “सरी” म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

तेव्हा मला जे झालं त्याला नाव द्यायला मी बराच वेळ घेतला. आधी वाटायचं, तिचा आवाज मोठा आहे म्हणून त्रास होतो. मग वाटायचं, ती माझी रजई वापरते म्हणून. खरं म्हणजे ती बोलली की अण्णा हसायचे. माझ्या बोलण्यावर ते कधी एवढे हसले नव्हते, अर्थात मी हसण्यासारखं काही बोलतही नव्हते. आईने तिला खोल पाठीचा, मागे नाड्या असलेला ब्लाउज शिवून दिला. तसा मी मागितला असता तर आईने काय म्हटलं असतं हे मला माहीत नाही, कारण मी मागितला नाही. रात्री ती मला मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची, माझे उच्चार सुधारायची, मला ओळी लिहून दाखवायला लावायची. आज मी हे ज्या मराठीत लिहिते आहे ती मला तिने दिली. हे मी इथेच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की तिने माझं काही घेतलं.

बॉबिनच्या कानामागे टिकलीएवढं टक्कल प्रथम मला दिसलं. चार दिवसांत ते बोटभर रुंद झालं, कडा खवल्यांसारख्या, आणि नाकाजवळ दुसरं. आई म्हणाली नायटा, अण्णा म्हणाले गजकर्ण, आणि त्यांनी कपाटातून स्वतःच्या खाजेची अर्धी संपलेली ट्यूब काढली. “स्वल्प लावून बघ की. माणसाला चालतं ते मांजराला न चालायला काय झालं?” सायलीने मोबाइलवर बघून टी ट्री ऑइलची बाटली मागवली. “टोटली नॅचरल आहे, आत्या. काही साइड इफेक्ट नाही.” तिने कापसाचा बोळा बुडवला आणि बॉबिनला मांडीवर घेतलं. बोळा कानापाशी पोचण्याआधी मी तिचं मनगट धरलं. मला त्या तेलाबद्दल काही माहीत नव्हतं. मला एवढंच नको होतं की औषध तिने लावावं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कन्नडमधून एकेक शब्द सुटा करून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि जांभळट उजेडाचा एक छोटा दिवा बॉबिनच्या कानावर धरला. टकलाच्या कडेचे केस कच्च्या कैरीसारखे हिरवे चमकले. तेवढ्या अंधारातही मी पाहिलं की बॉबिनने डोकं सायलीच्या काखेत खुपसलं होतं. दिवा लावून डॉक्टर म्हणाल्या की ही बुरशी आहे, मांजराकडून माणसाला लागते, आणि केसांवरून कापडात जाऊन महिनोन्‌महिने टिकते. ट्यूब आणि तेल दोन्ही आम्ही दाखवायला नेलं होतं. ट्यूब त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, यात सूज उतरवणारं औषध मिसळलंय, वरून बरं दिसेल आणि आतून पसरेल. तेलाची बाटली त्यांनी टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवली. मांजर अंग चाटतं, ते तेल तिच्या पोटात गेलं असतं तर लाळ गळून, पाय लटपटून तुम्ही तिला इथे वेगळ्याच कारणासाठी आणलं असतं, म्हणाल्या. सायलीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, हे लपवून उपयोग नाही.

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. वजनावर मोजलेलं पातळ औषध तोंडातून, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं. आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्याने सगळं अंग भिजवायचं, धुवायचं नाही, पुसायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं, आणि वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्याला पत्रावळीसारखी कॉलर. केस परत आले म्हणून औषध बंद करायचं नाही, ब्रशने केस घेऊन तपासणीला पाठवायचे, आणि दोन तपासण्या स्वच्छ आल्या की मगच तिला मोकळं सोडायचं. तोवर एकच खोली, रोज पुसता येईल अशी, जिच्यात कापड नसेल. आणि तिच्याकडे जाणारं माणूस एकच, हातमोजे घालून, वेगळ्या कपड्यांत.

“कापड नसलेली खोली,” आई म्हणाली आणि हसली. मग हसायची थांबली.

ट्रायल रूम म्हणजे पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात प्लायवूडने केलेली चार बाय पाचची जागा. फरशी, एक खुंटी आणि तीन बाजूंना आरसे. आईने त्याच संध्याकाळी ठरवलं की बॉबिन बरी होईपर्यंत या घरात एकही ब्लाउज शिवायचा नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या गिरिजाक्कांच्या दुकानात एक मशीन रिकामं होतं, तिथे जाऊन ती शिवणार होती. आमच्या घरातली कात्रणांची जुनी पिशवी तिने टाकून दिली, पडदे गरम पाण्यात उकळले, अस्तरांचे गठ्ठे पुन्हा धुतले. पंचवीस वर्षं स्वतःच्या मशीनवर बसलेली बाई डबा घेऊन दुसऱ्याच्या दुकानात जाऊ लागली, एका गच्चीवरच्या मांजरीसाठी. एका शब्दाने तिने ते बोलून दाखवलं नाही.

“मी करते बॉबिनचं,” सायली म्हणाली. “माझं तीन दिवस वर्क फ्रॉम होमच असतं.”

“मी करणार,” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की अण्णांनी हातातला घास खाली ठेवला.

“अगं, जमेल का तुला? कॉलेज, औषध...”

“ती माझी आहे.”

ते पहिले काही आठवडे माझ्या तारुण्यातले सगळ्यात सुखाचे होते असं मी म्हटलं तर विचित्र वाटेल. सकाळी सहाला जुना पंजाबी ड्रेस घालून मी आत जायची, दार लावून घ्यायची. आधी जमिनीवरचे केस ओल्या कागदाने टिपायचे, मग साबणाने पुसायचं, मग डॉक्टरांनी सांगितल्या मापाने ब्लीचचं पाणी, ते वाळेपर्यंत बॉबिन पिंजऱ्यात. औषध गालाच्या कडेने, हळूहळू, थोडं खाणं झाल्यावर. गंधकाच्या पाण्याचा वास सडक्या अंड्यांसारखा. मी दोनदा नहायची तरी कॉलेजात माझ्या शेजारची मुलगी बाक बदलून बसली. बॉबिनने पहिल्या आठवड्यात माझे दोन्ही हातमोजे फाडले. दुसऱ्या आठवड्यात ती कोपऱ्यात पाठ फिरवून बसायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कॉलर घातलेली, पिवळट, ओली, थंडीने कुडकुडत ती आपणहून माझ्या मांडीवर चढली. तिन्ही आरशांत मी ते पाहिलं. तीन मुली, तीन मांजरी. मला स्वतःकडे आरशात बघायला आवडत नाही, पण त्या दिवशी कॉलेजचा पहिला तास बुडाला तरी मी उठले नाही.

प्लायवूडचं दार फरशीपासून दोन बोटं वर होतं. एक दिवस मी लवकर घरी आले तर सायली बाहेर जमिनीवर पालथी पडली होती, लॅपटॉप बाजूला, कानात मीटिंग चालू, आणि दाराखालून तिने आत बोट घातलं होतं. आतून करडा पंजा बाहेर यायचा, बोटावर टेकायचा, परत आत जायचा. सायली कुजबुजत होती, “कंटाळलीस का गं? मी पण. दोन तास झाले ही माणसं बोलतायत.” मला बघून ती हसली. “टच नाही करत हं, फक्त एक बोट. आणि लगेच हात धुते, प्रॉमिस.”

त्या दिवसापासून मी ऐकू लागले. आत बसलेली असताना बाहेर तिची पावलं वाजली की बॉबिनचे कान वळायचे. माझ्या मांडीवरून ती उतरायची आणि दारापाशी जाऊन बसायची. औषध मी द्यायची, वास मी सोसायची, आणि ती एका बोटासाठी उतरून जायची.

आई गिरिजाक्कांच्या दुकानातली कात्रणं एका नव्या पिशवीत घरी आणून ठेवायची. त्यातल्या अस्तराच्या पट्ट्या घेऊन मी लांब, घट्ट वळकटी केली, दोन्ही टोकांना कापडाच्या किनारीची पट्टी आवळून गाठी मारल्या आणि ती आतल्या बाजूने दाराखाली ठोकून बसवली. कापड नको ही पहिली अट मला तोंडपाठ होती. मी ती मोडते आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. शिंप्याच्या घरात फट दिसली की हात चिंधीकडेच जातो. बॉबिनने दोन दिवस पंजाने वळकटी उकरली, मग तिच्यावर हनुवटी टेकून झोपू लागली. बाहेर सायलीची पावलं यायची, थांबायची, थोड्या वेळाने जायची. तिने मला काही विचारलं नाही.

आयुधपूजेच्या दोन दिवस आधी सायली दुपारीच घरी आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “वीणू, दार उघड ना, लांबून बघते फक्त.” मी घाईने वळकटी उपसली आणि सायली चपला काढेपर्यंत बाहेर येऊन आईच्या कात्रणांच्या पिशवीत कोंबली. मग दार वीतभर उघडून सायलीला बॉबिन दाखवली. नंतर काढून टाकू असं ठरवलं होतं. नंतर विसरले.

आमच्याकडे आयुधपूजेला मशीनं पुसून, हार घालून, कुंकू लावून पुजायची, कोहळा फोडायचा, गल्लीत कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-फुटाणे, वाटायची. आणि त्या दिवसासाठी आई टाचण्यांची नवी उशी करायची, मनगटावर बांधायची छोटी, लाल मखमलीची. आत वर्षभराची कात्रणं भरायची, तिच्या आईचीही तीच पद्धत होती. त्या वर्षीही तिने पूजेच्या आदल्या संध्याकाळी ती केली. मी शेजारीच बसून कडलेपुरीच्या पुड्या बांधत होते आणि मला काही दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी आईच्या मनगटावर, उशीच्या पट्ट्याखाली, लाल गोल चकंदळ उठलं. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी नाव सांगितलं. आईने त्याच दिवशी गिरिजाक्कांच्या दुकानात जाणं बंद केलं आणि तीन नवऱ्या मुलींचे ब्लाउज, कापलेले, अर्धे शिवलेले, धुऊन, इस्त्री करून, दुसरीकडे शिवून घ्या म्हणून परत पाठवले. तिने आजवर एकही ब्लाउज न शिवता परत दिला नव्हता. त्यातल्या एकीची पत्रिका अण्णांनी छापली होती. त्या दिवशी जेवणात कुणी काही ताडून बघितलं नाही.

“आत वीणाच जायची, तिला तर काही झालं नाही,” अण्णा म्हणाले. ते सायलीकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. “दाराखालून बोटं घालायची काय गरज होती?”

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, कितीतरी दिवस दार बंदच होतं, विचारा हिला. ती म्हणाली, “सॉरी काका. हात धुतले होते मी, पण... सॉरी, आत्या.”

मी ताक-भात संपवला. मला पिशवी तेव्हा आठवली, जेवतानाच. माझा घास अडकला वगैरे काही झालं नाही. मी नीट जेवले, ताट उचललं, आणि एक विचार अगदी स्पष्ट शब्दांत माझ्या डोक्यात आला: आता ही जाईल. आज इतक्या वर्षांनी त्या जेवणातलं बाकी सगळं पुसट झालं आहे, तो विचार नाही.

ती त्या आठवड्यात गेली. ऑफिसच्या दोन मुलींबरोबर सर्जापूर रोडवर फ्लॅट मिळाला, रोजचा बसचा प्रवासही वाचेल, असं तिने सांगितलं. चटई विसरली. पुढच्या सोमवारी बॉबिनची दुसरी तपासणीही स्वच्छ आली. मी ट्रायल रूमचं दार उघडलं. बॉबिन बाहेर आली, कटिंगच्या टेबलाखालून एक चक्कर मारली, परत आली आणि उघड्या दारापाशी आडवी झाली. मग तिने पंजा दाराखालच्या फटीत घातला, या वेळी बाहेरच्या बाजूने, आणि तसाच ठेवून वाट बघत राहिली.

रविवारी आई आणि मी भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, सालं काढत बसलो होतो. तिच्या मनगटावर मलम होतं, म्हणून ती डाव्या हाताने काढत होती.

“आई, ती चिंधी मी ठेवली होती,” मी म्हणाले. “दाराखाली. सायलीने काही केलं नाही.”

आईने हातातला दाणा भांड्यात टाकला. “सायली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उशी उसवली. आत वळकटीचं कापून भरलेलं टोक निघालं, किनारीने आवळून गाठ मारलेलं. तशी गाठ या घरात दोघींनाच येते, आणि एक मी आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणारी कोण, मी?” ती पुढचा दाणा सोलू लागली. सालं बाजूला लोटत म्हणाली, “मला सांगून काय उपयोग. मला लागलेलं मलमाने जाईल.”

मी बॉबिनला टोपलीत घातलं आणि कॅब केली. सर्जापूर रोडला पोचायला दीड तास लागला. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, सायलीच्या मराठीत, नीट. तिने दार उघडलं, माझ्या हातातली टोपली बघितली आणि बाजूला झाली. फ्लॅट रिकामा होता, एक गादी, भिंतीला टेकलेल्या दोन सुटकेसा. मी टोपली जमिनीवर ठेवली, चटई ठेवली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. जुळवलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही. आमच्या घरच्या मराठीत, अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी, चिंधी, पिशवी, उशी, अण्णांपुढे गप्प बसले तेही.

सायली गादीच्या कडेवर बसली. ती रागावेल याची मी तयारी केली होती.

“किती दिवस होती ती तिथे?” तिने विचारलं.

“बारा.”

“बारा दिवस मी रोज बोट घालून बघत होते, वीणू.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मला वाटलं, आत काहीतरी मऊ लागतंय ती तिची पाठच आहे. मला वाटलं, तिला माझा कंटाळा आला. त्या दारापाशी बसूनच मी फ्लॅट बघायला सुरुवात केली. काकांचं मला एवढं लागलं नव्हतं.”

टोपलीच्या जाळीतून करडा पंजा बाहेर आला. सायली जमिनीवर पालथी झाली, तशीच, आमच्या पुढच्या खोलीत व्हायची तशी, आणि तिने एक बोट पुढे केलं. पंजा बोटावर टेकला, आत गेला, परत आला. बॉबिनला पहिल्यांदा तिच्या पोटावर झोपलेलं पाहिलं तेव्हा मला जे झालं होतं तेच झालं, अगदी तेवढंच, जराही कमी नाही. मी माझे हात मांडीखाली घेतले आणि तिथेच बसून राहिले.